‘एस्’ची धांव, अर्थात् इंग्रजी व्याकरणाचे खेळ

गेल्या वर्षीं एक पालक मला भेटावयास आले. बसतांच म्हणाले, “सर, आमचे चिरंजीव सांगतात कीं व्याकरणाच्या तासाला आम्ही खेळतों. खेळावयास मैदान आहेच कीं! इंग्रजींत पुन्हां कमी गुण पडले तर आम्हीं काय करावें?” प्रश्न रास्त होता. पोटास चिमटा घेऊन मुलाला शिकविणाऱ्या माणसास तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्या दिवशीं घाईंत दिलेलें उत्तर माझें मलाच अपुरें वाटलें; म्हणून तें येथें सविस्तर देत आहें.

व्याकरण पाठ असणें निराळें व तें वापरतां येणें निराळें. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्स्वा ग्वँ नांवाचे एक फ्रेंच शिक्षक जर्मन भाषा शिकण्याकरितां हँबुर्ग येथें जाऊन राहिले. खोलींत बसून त्यांनीं जर्मन व्याकरण व अनियमित क्रियापदें थोड्याच दिवसांत मुखोद्गत केलीं आणि मोठ्या विश्वासानें ते व्याख्यान ऐकावयास गेले. एक शब्दही समजला नाहीं! पुढें शब्दकोश पाठ करून पाहिला, फळ तेंच. हताश होऊन मायदेशीं परतल्यावर त्यांच्या दृष्टीस पडलें आप्तांपैकीं एक तीन वर्षांचें मूल. तें घडाघडा फ्रेंच बोलत होतें. एके दिवशीं तें पिठाची गिरणी पाहून आलें, आणि घरीं येतांच पिशव्या भरणें, वाहून नेणें, दळणें हा सर्व उद्योग खेळूं लागलें. जी कृति हातानें करी ती तोंडानेंही सांगे. ग्वँ यांचे डोळे उघडले. एकेका कृतीचे लहान लहान टप्पे पाडून, तीं वाक्यें करून दाखवीत शिकविण्याची आपली पद्धति त्यांनीं १८८० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. पुढें जपानांत काम करणारे इंग्रज भाषापंडित हॅरल्ड पामर यांनीं १९२५ मध्यें ‘इंग्लिश थ्रू अ‍ॅक्शन्स’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचाही रोख हाच. तेव्हां वर्गांतील खेळ हें कांहीं माझें खूळ नव्हे.

आपल्या मुलांच्या अडचणी मात्र बहुतेक मराठींतूनच येतात, आणि खेळही त्या पाहूनच निवडावे लागतात. ‘तो खेळतो’ याचा प्रश्न करावयाचा तर आपण शेवटीं ‘का’ लावतों; क्रियापदाला धक्का लागत नाहीं. इंग्रजींत ‘डू’ हें साहाय्यक क्रियापद मध्यें येतें, आणि मूल लिहितें, ‘डज ही प्लेज?’ हा नियम मीं कित्येक वर्षें फळ्यावर लिहून दिला. मुलें तो बिनचूक म्हणून दाखवीत व लगेच खालीं चूक वाक्य लिहीत!

आतां मी नियम सांगत नाहीं. चार मुलें फळ्यासमोर उभीं करतों. त्यांच्या हातीं ‘ही’, ‘प्ले’, ‘एस्’ व ‘खोखो’ अशा पुठ्ठ्याच्या पाट्या. ‘एस्’नें ‘प्ले’चा खांदा घट्ट धरावयाचा. वर्ग वाचतो, ‘ही प्लेज खोखो.’ मग मी म्हणतों, “प्रश्न!” दाराआड थांबलेला ‘डू’ आंत येतो व ‘ही’च्या पुढें जाऊन उभा राहतो. तो येतांच ‘एस्’नें ‘प्ले’ला सोडून धांवत जाऊन ‘डू’चा खांदा धरावयाचा. (धरतांना तो आपली पाटी उलटी करतो, तिच्या पाठीवर ‘ईएस्’ लिहिलेलें असतें.) ‘डज ही प्ले खोखो?’ ‘एस्’ एकच. तो एका वेळीं दोघांना कसा धरणार? नकारार्थी वाक्यांत ‘डू’ आणि ‘नॉट’ हे ‘ही’ व ‘प्ले’ यांच्यामध्यें शिरतात, धांव तीच. भूतकाळांत ‘एस्’च्या जागीं ‘ईडी’ असतो. ‘डू’ आला कीं ‘ईडी’ ‘प्ले’ला सोडून खालीं बसतो व ‘डू’ची पाटी उलटून ‘डिड’ होते. जो मुलगा ‘एस्’ झाला तो ‘डज ही प्लेज’ असें सहसा लिहीत नाहीं. म्हणून प्रत्येकास एकदां तरी ‘एस्’ करावें.

दुसरी अडचण शब्दयोगी अव्ययांची. मराठींत तीं नामाच्या मागून येतात, ‘टेबलाखालीं’, इंग्रजींत आधीं. यासाठीं एकाला बाहेर पाठवून डस्टर लपवावा. आंत येऊन त्यानें शोधावयाचा, परंतु केवळ विचारून: ‘इज इट अंडर द टेबल?’ ‘इज इट बिहाइंड द डोअर?’ वाक्य चुकलें तर वर्गानें गप्प राहावयाचें. मग तो आपण होऊन वाक्य सुधारतो, कारण डस्टर त्याला हवा असतो. तिसरी एक खोड: ‘मी त्याला काल पाहिलें आहे’ असें आपण बोलून जातों, म्हणून मुलें ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ लिहितात. ‘यस्टर्डे’ची पाटी दिसली कीं ‘हॅव’नें वर्गाबाहेर जावें व ‘सीन’नें ‘सॉ’ व्हावें, एवढाच तो खेळ.

सर्वच व्याकरण खेळांत बसत नाहीं. ‘गो, वेन्ट, गॉन’ हीं रूपें पाठच करावीं लागतात, आणि त्याला इलाज नाहीं. खेळ दहा-पंधरा मिनिटांहून लांबूं नये, व शेवटीं प्रत्येकानें तींच वाक्यें वहींत उतरविलींच पाहिजेत.

माझी एक चूकही सांगितली पाहिजे. आरंभीं मी वर्गाचे दोन पक्ष करून फळ्यावर गुण मांडीत असें. एकदां एका मुलाच्या चुकीनें त्याचा पक्ष हरला, आणि सोबत्यांनीं त्याची टर उडविली. तो मुलगा त्यानंतर कित्येक महिने माझ्या तासाला इंग्रजींत तोंड उघडीना. तास रंगला होता, हशा पिकला होता, आणि ज्याला भाषेची सर्वांत अधिक गरज होती तोच गमावला होता. तेव्हांपासून फळ्यावर गुण मांडणें मीं सोडलें. आतां साऱ्या वर्गाचा सामना घड्याळाशीं असतो.

पालकांनींही हे खेळ घरीं करून पाहावेत. आईला इंग्रजी येत नसलें तरी डबा लपवितां येतो. मुलानें इंग्रजींत विचारावें, धाकट्या बहिणीला त्याचा मराठी अर्थ सांगावा, व आईनें “नाहीं” किंवा “आहे” म्हणावें. अर्थ सांगतांना त्याची वाक्यरचना आपोआपच तपासली जाते.

ज्या चिरंजीवांची तक्रार आली होती त्यांच्या परीक्षेच्या वेळीं देखरेखीस मीच होतों. प्रश्नार्थक वाक्यापाशीं ते अडले. थोडा वेळ विचार करून त्यांनीं खोडरबर उचलला, कागदावरील क्रियापदाजवळ ठेवला, आणि बोटानें हळूच सरकवीत वाक्याच्या आरंभापर्यंत नेला. मग लिहावयास लागले.