थांबण्याची ऐपत

मोटारींच्या जोडणी-कारखान्यात सुट्या भागांचा साठा आठवड्याचा नसतो, पुष्कळदा काही तासांपुरताच असतो. टोयोटाने जपानमध्ये रुजवलेली ‘हवे तेव्हा, हवे तेवढे’ ही पद्धत चाकण, वाळूज, होसूर अशा औद्योगिक पट्ट्यांत आता अंगवळणी पडली आहे. साठा कमी म्हणजे गोदामाचा खर्च कमी, हे खरे. पण पुरवठादाराकडून आलेली खेप तपासणीत नापास झाली, की बदली पेट्या त्याच रात्री याव्या लागतात. त्या आल्या नाहीत तर लाईन थांबते आणि तिचा भुर्दंड पुरवठादाराच्या माथी येतो. अशा वेळी दीड टन माल पहाटेपर्यंत वाळूजहून चाकणला पोचवणाऱ्या गाडीला तो नेहमीपेक्षा बरेच जास्त भाडे देतो, आणि राजीखुशीने देतो. ऐन गाळप हंगामात बंद पडलेल्या साखर कारखान्याला लागणारा गिअरबॉक्स किंवा न्हावाशेव्याला जहाजाची वेळ गाठायची असताना मागे राहिलेली शेवटची खोकी, हेही याच जातीचे काम. मालवाहतुकीच्या मोठ्या धंद्यातला हा एक छोटा कोपरा आहे. एक गाडी घेऊन सुरुवात करू पाहणाऱ्या माणसाने त्याचा विचार जरूर करावा, आणि तो करताना गाडी नवी नव्हे तर जुनी घ्यावी, असे माझे मत आहे. स्वस्त पडते एवढेच त्याचे कारण नाही.

नेहमीच्या मालवाहतुकीचा नियम साधा आहे: चाक फिरले तर पैसा. गाडी ट्रान्सपोर्टनगरीत उभी राहिली की हप्ता अंगावर येतो, म्हणून मालक दलालाकडून मिळेल ते भाडे घेतो आणि परतीच्या भाड्यासाठी परगावी दोन दिवस तळ ठोकतो. तातडीच्या कामाचे गणित याच्या उलट आहे. फोन कधी येईल ते ठाऊक नसते, पण आला की तासाभरात गाडी गेटवर लागली पाहिजे. गिऱ्हाईक पैसे मोजते ते या तयारीचे. तयार असायचे म्हणजे बहुतेक वेळ रिकामे उभे राहायचे, आणि ज्याला उभे राहणे परवडते तोच या कामात टिकतो. समजुतीपुरते आकडे धरू. चौदा फुटी नव्या गाडीचा हप्ता महिन्याला ३५ हजार आणि चार-पाच वर्षे वापरलेल्या तशाच गाडीचा १५ हजार असेल, तर फरक २० हजारांचा. दलालाच्या साध्या खेपेत डिझेल, टोल आणि चालकाचा पगार वजा जाता अडीच हजार उरतात असे मानले, तर हा फरक भरून काढायला नव्या गाडीला आठ खेपा जास्त माराव्या लागतील. भरणे, उतरवणे, परतीचे भाडे शोधणे धरून एका खेपेत दोन दिवस जातात. म्हणजे महिन्यातले सोळा दिवस गाडी दुसऱ्याच्या मालाखाली अडकलेली. त्याच दिवसांत वाळूजहून फोन आला, तर ‘गाडी बाहेर आहे’ असे सांगावे लागणार. आणि हे उत्तर दोनदा ऐकलेला पुरवठादाराचा डिस्पॅचवाला तिसऱ्यांदा फोन करत नाही. नवी गाडी घेणाऱ्याचा हप्ताच त्याला तातडीच्या कामातून बाहेर ओढतो.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. जुनी गाडी वाटेत बंद पडते, आणि तातडीच्या मालात एकदा दगा दिला की गिऱ्हाईक कायमचे जाते. म्हणूनच हप्त्यात वाचलेले पैसे म्हणजे नफा, असे समजणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. वरच्या हिशेबातले २० हजार मालकाच्या घरखर्चाचे नाहीत. त्यातला मोठा वाटा दर महिन्याला देखभालीच्या खात्यात गेला पाहिजे. क्लच प्लेट, बेल्ट, होज पाईप, बॅटरी आणि टायर हे भाग खराब झाल्यावर नव्हे, तर ठरावीक किलोमीटर झाले की बदलायचे. नव्या गाडीचा मालक बँकेला देतो ते पैसे जुन्या गाडीच्या मालकाने गॅरेजला द्यायचे, आणि गाडी उभी असतानाच्या रिकाम्या दिवसांत ही कामे उरकून घ्यायची. रोज पळणाऱ्या गाडीला अशी सवड मिळत नाही. वर्षाला लाखभर किलोमीटर रगडलेली नवी गाडी आणि निम्मेच पळून वेळच्या वेळी मिस्त्रीच्या हाताखालून गेलेली जुनी गाडी यांत वाटेत बंद पडण्याचा धोका कोणाला जास्त, याचा निकाल केवळ वयावरून लागत नाही.

अर्थात ‘जुनी’ला मर्यादा हवी. आठ वर्षांच्या आतल्या मालगाडीचे फिटनेस दोन वर्षांनी एकदा करावे लागते, त्यानंतर दरवर्षी. बारा वर्षांवरच्या साध्या दोन आसांच्या गाडीला नॅशनल परमिट मिळत नाही, म्हणजे होसूर किंवा गुजरातचे दार बंद. तेव्हा चार ते सहा वर्षांची गाडी घ्यावी आणि दहा-अकरा वर्षांची होण्याआधी विकावी, हे बरे. १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी मिळाली तर शहरांच्या पुढच्या निर्बंधांची धास्ती कमी राहते. मात्र तिच्या धूर गाळणाऱ्या यंत्रणेची अवस्था जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावी, कारण ती बिघडली तर खर्च इंजिन-कामाच्या जवळ जाऊ शकतो. वजनाच्या बाबतीत ७,५०० किलो एकूण वजनाच्या आतली गाडी सोयीची. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक अशी मालगाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. रात्री अकराला चालक शोधायची वेळ आली तर हा निकाल फार कामाचा ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार या गटातल्या मालगाडीचा तृतीय पक्ष विम्याचा हप्ता वर्षाला १६,०४९ रुपये होता. पुढच्या गटात तो २७ हजारांवर जात होता. उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत असा प्रत्येक ठरलेला खर्च मोजून पाहावा लागतो. सौदा करताना आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या मालगाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव जुन्याच पातळीवर राहू शकत नाही, आणि खरेदीदाराने तसे विक्रेत्याला सरळ सांगावे.

कागदपत्रांत फसलेले लोक यंत्रात फसलेल्यांपेक्षा कमी नसावेत. वाहन पोर्टलवर गाडीचा कर, फिटनेस, थकलेली चलने आणि कर्जाचा बोजा घरबसल्या दिसतो. बोजा असेल तर फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नावबदल लांबवणे तर विकणाऱ्यालाही महागात पडते: अपघात झाल्यास नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितले आहे. विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज घेणाऱ्याने चौदा दिवसांत करायचा असतो. आणि गाडीचा विमा म्हणजे आतल्या मालाचा विमा नव्हे, हे अनेकांना पहिले नुकसान झाल्यावरच कळते. माल कोणाच्या विम्याखाली चालला आहे, हे भाडे ठरतानाच विचारून घ्यावे.

दुसरा आक्षेप असा, की हे काम आता ॲप आणि एक्स्प्रेस कंपन्या करतात, तिथे एकट्या गाडीवाल्याला काय जागा? एक्स्प्रेस कंपनीची ताकद तिच्या जाळ्यात आहे. माल गोळा होतो, एका केंद्रावर उतरतो, दुसऱ्या गाडीत चढतो, पुन्हा उतरतो. पाचशे गिऱ्हाइकांच्या पेट्यांसाठी ही व्यवस्था स्वस्त आणि चोख आहे, पण एका गिऱ्हाइकाच्या दीड टनासाठी ती रात्री दहाला हलत नाही. ॲपवर गाडी मिळते; पण कोणत्या गेटवर पास लागतो, उतरवताना वाराई, म्हणजे हमाली, कोणी द्यायची, पोच पावतीवर कोणाचा शिक्का चालतो, हे त्या अनोळखी चालकाला माहीत नसते. पंधरा-वीस पुरवठादारांचे डिस्पॅचवाले नावाने ओळखणारा आणि दोन-तीन कारखान्यांची गेटे पाठ असलेला माणूस त्या एवढ्या परिघात भारी पडतो. परीघ मात्र लहानच ठेवावा: पहिली दोन वर्षे अडीचशे-तीनशे किलोमीटर. तेवढ्या टापूत ओळखीचे गॅरेज असते, आणि गाडी अडलीच तर दुसऱ्याची गाडी मागवून माल पुढे काढता येतो. अशा वेळी मालासोबतच्या ई-वे बिलात बदली गाडीचा नंबर भरायला विसरू नये. बिलाची मुदत दोनशे किलोमीटरला एक दिवस असते, त्यामुळे बिघाडाच्या रात्री तीही पाहावी लागते. चार-पाच एकगाडी मालकांनी एकमेकांची अडलेली खेप उचलायचा करार आधीच करून ठेवला, तर पहिल्या आक्षेपाची धार आणखी बोथट होते.

दर ठरवताना परतीचे भाडे शून्य धरावे. वाळूज-चाकण अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. जाऊन-येऊन चारशे, लिटरला आठ किलोमीटर आणि डिझेल नव्वद रुपये धरले तर ४,५०० रुपये नुसते इंधनाचे. त्यावर टोल, चालक, गाडीची झीज आणि थांबण्याच्या दिवसांचा वाटा. परतीचा माल मिळाला तर तो वरकड, पण त्याच्या आशेवर दर पाडला की दुसऱ्याच दिवशी गाडी परतीच्या मालाची वाट पाहत परगावी अडकते. आयकरातही एक गोष्ट जाणून घ्यावी. दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्याला अंदाजित उत्पन्नाची पद्धत घेता येते. जड नसलेल्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न मानले जाते, मग गाडी पळो वा उभी राहो. हिशेब सोपा होतो, पण उभ्या महिन्याचीही ती मोजणी होते.

उधारी हा या धंद्याचा खरा शत्रू आहे. माल बारा तासांत हवा असणारा कारखाना पैसे मात्र नव्वद दिवसांनी देतो, डिझेल तर रोखीने भरावे लागते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्याला करकायद्याचा आधार मिळाला आहे: मुदतीत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापायला काही लागत नाही. तरीही तीन महिन्यांचे डिझेल आणि पगार पुरतील एवढी शिल्लक नसताना कर्ज काढून गाडी घेऊ नये. गाडीच्या किमतीत हेच भांडवल बुडवले, तर जुनी गाडी घेण्याचा सगळा फायदा वाया गेला.

आणि शेवटचा आक्षेप, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: तातडी म्हणजे चालकाच्या जिवाशी खेळ. तो खेळ होतो, पण व्हायलाच हवा असे नाही. दोनशे किलोमीटर ताशी साठऐवजी ऐंशीने कापले तर वाचतात पन्नास मिनिटे. ई-वे बिल, गेट पास आणि भरायला हमाल आधीच तयार ठेवले तर तेवढाच वेळ गाडी जागची हलण्यापूर्वी वाचतो. माल वाटेत कुठे उतरत नाही म्हणून ही सेवा वेगवान आहे. त्यासाठी पाय ॲक्सिलरेटरवर दाबून ठेवायची गरज नाही. मोटार वाहन कायद्याने चालकाच्या कामाचे तास १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याशी जोडले, आणि त्यात दिवसाला आठ तास हे माप होते. होसूरचे आठशेहून जास्त किलोमीटर त्या मापात एका चालकाला बसत नाहीत. तिथले भाडे आले तर दुसऱ्या चालकाचा खर्च धरूनच दर सांगावा, आणि गिऱ्हाइकाला तो पटला नाही तर भाडे सोडून द्यावे. कमी हप्त्याच्या गाडीला ते सोडणे परवडते. मालक स्वतःच चालवत असेल, तर रात्रीच्या खेपेनंतरचा दिवस झोपेचा आहे हे त्याने गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवावे, आणि त्या दिवशी आलेला फोन करारातल्या दुसऱ्या गाडीवाल्याकडे वळवावा.