युद्धछायाचित्रांच्या ग्रंथांची प्रथमावृत्ती : एक पुरावा

संग्राहक प्रथमावृत्ती शोधतो ती बहुधा तिच्या दुर्मिळतेसाठी. अभ्यासकाच्या दृष्टीने तिचे मोल निराळे असते. युद्धछायाचित्रांच्या ग्रंथांत हा भेद विशेष स्पष्ट होतो. अलेक्झांडर गार्डनर यांचा ‘फोटोग्राफिक स्केच बुक ऑफ द वॉर’ हा अमेरिकेतील यादवी युद्धावरील ग्रंथ ह्याचे उत्तम उदाहरण होय.

१८६६ साली वॉशिंग्टन येथील फिल्प अँड सॉलोमन्स ह्या प्रकाशनसंस्थेने तो दोन खंडांत प्रसिद्ध केला. किंमत होती १५० डॉलर. छायाचित्र व मजकूर एकत्र छापण्याची हाफटोन पद्धती त्या काळी व्यवहारात आलेली नव्हती. त्यामुळे अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर, काचेच्या निगेटिव्हवरून उन्हात उतरवलेली शंभर छायाचित्रे प्रत्येक प्रतीत चिकटवावी लागली. प्रत्येक छायाचित्रास एक पान मजकुराची जोड आहे. चित्राखाली निगेटिव्ह घेणाऱ्याचे नावही दिलेले आहे.

ही रचनाच पुढे ग्रंथाच्या मुळावर आली. शंभर मूळ छायाचित्रे सुटी विकली असता अखंड ग्रंथाहून अधिक लाभ होतो, असे दिसल्याने कित्येक प्रती उसवल्या गेल्या. अशा वेळी काय नष्ट होते, हे चाळीस व एक्केचाळीस ह्या क्रमांकांच्या चित्रांवरून ध्यानी येईल. जुलै १८६३ मधील गेटिसबर्गच्या लढाईनंतरची ही चित्रे दोन निरनिराळ्या मृत नेमबाजांची म्हणून दिलेली आहेत. नोव्हेंबरमध्ये आपण पुन्हा तेथे गेलो असता दुसऱ्या नेमबाजाचा सांगाडा व गंजलेली बंदूक तशीच पडलेली होती, असेही गार्डनर लिहितात. परंतु दोन्ही चित्रांत प्रेत एकाच तरुणाचे आहे, हे १९६१ मध्ये फ्रेडरिक रे यांनी निदर्शनास आणले. पुढे १९७५ मध्ये विल्यम फ्रॅसानिटो यांनी प्रत्यक्ष रणभूमीशी चित्रे ताडून, ते प्रेत उचलून खडकांच्या आडोशास नेऊन ठेवले गेले, असे दाखविले.

सुटे चित्र केवळ मृत्यूची साक्ष देते. शेजारचे चित्र व समोरचा मजकूर यांसह पाहिले म्हणजे त्या मृत्यूची कथा कशी रचली गेली, हे उघड होते. १९५९ च्या पुनर्मुद्रणात हा संबंध टिकून आहे खरा. तथापि मूळ कागदावरील बारकावे, चित्रांचे विटणे व बांधणी यांची साक्ष प्रथमावृत्तीच देऊ शकते.

म्हणून ग्रंथपालाने वा संग्राहकाने अशी प्रत घेताना चित्रांची संख्या, त्यांचा क्रम, मजकुराची पाने व चित्राखालील नावे ताडून पाहावीत. सुटे चित्र घेतल्यास ते कोणत्या प्रतीतून निघाले, याची नोंद मिळाल्यास जतन करावी. त्या तरुणाचे नाव आजही निश्चित झालेले नाही. त्याच्यावर लादलेली खोटी ओळख मात्र उघडकीस आली, कारण ती दोन्ही पाने एकाच ग्रंथात शेजारी शेजारी राहिली होती.