आमच्या मोटारीला दृष्टी येते

दिवाळीच्या रात्री अमावास्येच्या आसपासच्या असतात, हे आम्हां शहरवासीयांच्या कधी ध्यानातच येत नाही. पणत्या, आकाशकंदील आणि गच्चीवरच्या माळा यांच्या झगमगाटात काळोख बिचारा तोंड लपवून बसलेला असतो. तो पाहायचा असेल तर भाऊबीजेच्या संध्याकाळी कराडच्या पुढे हमरस्ता सोडावा आणि गावाकडच्या अरुंद रस्त्याला लागावे. द्वितीयेची कोर केव्हाच मावळलेली असते, आणि आपल्या मोटारीचे दिवे किती मिणमिणते आहेत ते तिथे कळते.

2021 सालच्या भाऊबीजेला ते मला कळले. आमची गाडी म्हणजे 1981 सालची पद्मिनी. तिला निरोप द्यावा असे घरात दर दसऱ्याला ठरते आणि दर दसऱ्याला तिच्या गळ्यात झेंडूची माळ पडते. तर त्या रात्री आम्ही अक्काकडे निघालो होतो. समोरून एक जीप आली. तिचे दिवे पांढरे-निळसर, एखाद्या लग्नमंडपातून उचलून आणल्यासारखे. मी दोनदा अप्पर-डिपर करून विनवले. पण पलीकडून उत्तर नाही. जीप गेली आणि माझ्यापुढे नुसता काळा पडदा राहिला.

ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते. मी तीनएक सेकंद आंधळा होतो, त्याचा हिशेब वाचकांनीच करावा. "अहो, ऊस!" अशी शेजारून किंकाळी आली आणि मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा पुढच्या ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाची वाढी आमच्या बॉनेटवर टेकली होती. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, लाल तुकडाही नव्हता. ट्रॅक्टरवाल्याला काही पत्ताच नाही. तो गाणे लावून पुढे निघून गेला. ओवाळताना अक्काने विचारले, "हात का रे थरथरतोय?" मी थंडीचे निमित्त सांगितले. सौभाग्यवतींनी मात्र काही न लपवता सगळे सांगितले.

पुण्याला परतल्यावर मी तडक नाना पेठ गाठली. गाड्यांच्या सुट्या भागांसाठी पुणेकराला दुसरी पंढरी नाही. दुकानदाराला म्हणालो, "उजेड पाहिजे." त्याने एका हातात 60/55 वॅटचा आणि दुसऱ्या हातात 100/90 वॅटचा बल्ब धरला आणि असा काही हसला, की पहिला मागणे हा मला स्वतःचा अपमान वाटला. आमच्या गाडीतले बल्ब जुने, 45/40 वॅटचे. यातला पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा. मी शंभराचे घेतले. ते जुन्या घरात बसेनात, म्हणून त्यांना एक कडे अडकवून बसवले.

पुढचे दहा दिवस माझ्यासारखा सुखी माणूस पुण्यात नव्हता. लांबच्या पाट्या वाचता येऊ लागल्या. समोरून येणारे लोक माझ्याकडे पाहून दिवे उघडझाप करीत. तो मला एक प्रकारचा नमस्कारच वाटे.

अकराव्या दिवशी आमच्याच गल्लीच्या वळणावर समोरून एक सायकल येत होती. माझे दिवे वळणावरून तिच्यावर पडले, सायकल डगमगली आणि पाण्याच्या नळासाठी खणलेल्या चरात गेली. मी धावत उतरलो. चरात शेजारच्या बंगल्यातले निवृत्त हेडमास्तर बसले होते, एका हाताने दुसऱ्या हाताचे कोपर धरून. डोळे मिटलेलेच होते. ते ओरडले, "कोण गाढव आहे तो?"

"सर, मीच तो," मी म्हणालो.

कोपराचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लॅस्टर. दवाखान्यातून परतल्यावर रात्री साडेअकराला, हातात टॉर्च घेऊन, मी ते दोन्ही बल्ब काढले. ही म्हणाली, "सकाळी काढलेत तरी चालेल." पण मला झोप लागली नसती. काढताना पाहिले तर एका बल्बचा होल्डर करपला होता आणि डॅशबोर्डावरच्या दिव्याच्या खटक्याला जळका वास येत होता. शंभर वॅटचा एक बल्ब 12 व्होल्टवर आठ अँपियरहून अधिक वीज ओढतो. दोन मिळून सतरा. ती सारी वीज चाळीस वर्षांच्या बारीक तारांतून आणि त्या एवढ्याशा खटक्यातून जात होती. आणखी आठवडाभरात गाडीनेच पेट घेतला असता.

त्यानंतर मात्र मी शहाण्यासारखा वागलो, म्हणजे जाणकाराकडे गेलो. मोटारींचे वायरिंग करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांनी बल्बकडे पाहिलेही नाही. इंजिन चालू करून मीटर आधी बॅटरीला लावला, 13.6 व्होल्ट. मग हेडलाइटच्या टोकाला लावला, 11.4. "साहेब, तुमच्या दिव्याला जेवणच पोचत नाही, आणि तुम्ही त्याला पैलवान करायला निघालात!"

यातली गोम अशी. तारेच्या बल्बचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड दहा टक्क्यांनी घटत नाही, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. आमच्या गाडीचा निम्मा उजेड जुन्या तारा, गंजलेले सांधे आणि झिजलेला खटका यांनीच गिळला होता. मिस्त्रींनी बॅटरीपासून दिव्यांपर्यंत नवी जाड तार नेली, वाटेत फ्यूज घातला आणि अप्पर-डिपरसाठी दोन रिले बसवले. आता खटक्यातून जाते ती फक्त हुकूम देण्यापुरती वीज. ओझे वाहण्याचे काम रिलेकडे. अर्थिंगची टोके कानशीने घासून चकचकीत केली. टोकाला 13.2 व्होल्ट आले. जुन्याच बल्बांचा उजेड दीडपटीवर गेला, खर्च एका बल्बचाही नाही!

मग काचा. आमच्या रिफ्लेक्टरची चांदी काळवंडली होती. सात इंची गोल हेडलाइट जीपपासून कितीतरी गाड्यांना असल्यामुळे नवी जोडी सहज मिळाली. ती हॅलोजन बल्बासाठीच बनलेली आणि डाव्या बाजूने गाडी हाकणाऱ्या देशासाठी आखलेली. हे दुसरे पाहून घ्यावे, कारण डिपरचा झोत मुद्दाम एका बाजूला, कडेच्या पायवाटेकडे, थोडा वर चढवलेला असतो. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांतली काच बसवली तर तो समोरच्याच्या डोळ्यांत चढतो. बल्ब घेतले 60/55 चे. त्यांना बोट लावायचे नाही. बोटाचा तेलकटपणा तापलेल्या क्वार्ट्‌झ काचेला सोसत नाही.

त्या बल्बात पाहिले तर मौज दिसते. दोन तारा असतात, आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावरच पडतो आणि तिथून रस्त्याकडे वळतो. समोरच्या माणसाचे डोळे वाचतात ते त्या वाटीमुळे. मात्र तार आणि वाटी केसभरही आपल्या जागेवरून हलून चालत नाही. माझ्या कड्याने नेमके तेच केले होते.

हेडमास्तर तेव्हा प्लॅस्टरमध्ये होते. मी रोज संध्याकाळी चहाला जात असे, काहीसा गुन्हेगारासारखा. नवे दिवे जुळवायचे आहेत असे सांगितल्यावर ते एकदम उठून बसले. "मी येतो. डोळा माझा वापरा." साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच उजेड पोचतो, आणि डोळे दिपल्यावर सावरायला त्याला वेळही जास्त लागतो. तेव्हा परीक्षक म्हणून त्यांच्यापेक्षा योग्य माणूस नव्हता.

सोसायटीच्या भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी केली. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा भिंतीवर 10 सेंटिमीटर खाली उतरायला हवी. मिस्त्री स्क्रू पिळत होते, रखवालदार खडूने रेघा मारीत होता आणि हेडमास्तर गाडीसमोर खुर्ची टाकून, गळ्यात हात अडकवून बसले होते. 1971 च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी हेडलाइट कसे काळे रंगवीत, ते त्यांनी मध्येच सांगून घेतले. तिसऱ्या पिळाला ते म्हणाले, "थांबा. आता तुमच्या गाडीचा नंबर वाचता येतोय." तिथे स्क्रू थांबला.

सर्वांत मोठा वाद भाच्याशी झाला. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याचे म्हणणे, मामा, हॅलोजन कसले लावता, एलईडी लावा. निळ्या एलईडीच्या शोधाला 2014 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, हेही त्याने ऐकवले. एलईडीशी माझे वैर नाही. ज्या नव्या गाड्यांचे दिवेच तिच्यासाठी घडवले आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. पण तारेसाठी कोरलेल्या रिफ्लेक्टरात एलईडीची पट्टी खुपसली, की उजेड भलत्या जागेवरून निघतो आणि भलतीकडे जातो. ती जीप मी विसरलो नव्हतो.

मात्र मागच्या दिव्यांत त्याने मला जिंकले. मागच्या दिव्यांकडे आपले लक्ष जात नाही; ते आपल्याला दिसतच नाहीत ना! आमच्या लाल काचा विटून गुलाबी झाल्या होत्या, आतली चांदी गेली होती. तिथला बल्ब 21/5 वॅटचा: पाच वॅट रात्रभर जळण्यासाठी, एकवीस ब्रेकसाठी. त्याच्या दोन खिळ्या मुद्दाम खालीवर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. आमच्या पूर्वीच्या कोणा मेकॅनिकने तो दाबून उलटाच बसवला होता! एका बाजूला मी ब्रेक दाबला की दिवा मंदच पेटायचा. किती वर्षे मी मागच्याला चकवीत होतो, देव जाणे.

भाच्याचा मुद्दा असा, की साधी तार तापून पुरी उजळायला सेकंदाचा पाचवा हिस्सा घेते आणि एलईडी तत्काळ पेटते. ताशी 60 च्या वेगाला तेवढ्या अवधीत मागची गाडी तीन मीटरहून अधिक पुढे येते. उसाची वाढी बॉनेटवर टेकलेली पाहिलेल्या माणसाला तीन मीटर म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. पहिल्यांदा त्याने पांढऱ्या एलईडी आणल्या. लाल काचेतून त्या फिक्या दिसू लागल्या, कारण त्यांच्या उजेडात लाल अंशच कमी. मग लाल आणल्या, त्या शोभल्या. इंडिकेटरला एलईडी लावताच त्यांची उघडझाप मात्र थांबली. जुना फ्लॅशर विजेने पट्टी तापवून चालतो, आणि एलईडी इतकी थोडी वीज पिते की पट्टी तापेचना. तिथे आम्ही साधेच बल्ब परत बसवले. भाचा दोन दिवस अबोल होता.

2022 च्या भाऊबीजेला निघताना हेडमास्तर फाटकाशी उभे होते. कोपर सरळ होत नाही अजून पुरते, पण सायकल पुन्हा सुरू झाली आहे. मी त्यांच्या सायकलीला मागे लाल दिवा लावून दिला, तो त्यांनी मला पेटवून दाखवला.

अक्काच्या ओवाळणीच्या तबकात मी साडीबरोबर परावर्तक लाल पट्टीची दोन भेंडोळी ठेवली. "हे काय नवीन?" तिने विचारले. दाजींना मात्र न सांगता समजले. जेवण झाल्यावर ते आणि मी कंदील घेऊन गोठ्यामागे गेलो. दाजींच्या दोन ट्रॉल्या कारखान्याला जायच्या होत्या. आम्ही मागच्या फळ्या फडक्याने पुसल्या आणि पट्ट्या चिकटवल्या. शेजारचे दोघे ट्रॅक्टरवाले बघत उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "पाव्हणं, जरा शिल्लक ठेवा की आमच्याबी ट्रॉलीला." दुसऱ्या भेंडोळ्यातले निम्मे त्याला गेले.