बोलतंय कोण? मुलांच्या इंग्रजीच्या पेपराविषयी थोडेसे



शेतकी विभागाकडून या पानावर बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहिण्याचा प्रघात आहे. या खेपेस विषय निराळा आहे. गळीत हंगाम ऐन भरात असतो तेव्हाच दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. वडील फडात, आई वाढ्यांच्या भाऱ्यामागे, आणि मूल घरी गाईडातली उत्तरे पाठ करीत बसलेले. गटात फिरताना बांधावर नोंद लिहायला टेकलो, की एखादे पोर वही घेऊन येते. "साहेब, एवढं सांगा की." मी शेतकी पदविकेचा माणूस, इंग्रजीचा मास्तर नव्हे. पण औषधांच्या डब्यांवरचे इंग्रजी वाचता वाचता थोडीफार ओळख झाली, तेवढ्या बळावर लिहितो.

मागच्या हंगामात एका गाडीवान सभासदाच्या मुलीने चाचणीचा पेपर दाखवला. 'ब्लॅक ब्यूटी' या कादंबरीतला उतारा होता आणि खाली प्रश्न होता, गोष्ट सांगणारा कोण? मुलीने लिहिले होते, ॲना सेवेल. मार्क शून्य. तिचे वडील चिडले, "पुस्तकावर तर त्येच नाव हाय! मग चुकलं कुठं?"

चुकले ते इथे. ॲना सेवेल ही पुस्तक लिहिणारी. गोष्ट सांगणारा आहे घोडा. ही बाई इंग्लंडातली. चौदाव्या वर्षी पायाला दुखापत झाली, ती जन्मभर नीट चालू शकली नाही. कुठे जायचे तर घोडागाडीनेच. त्यामुळे घोड्यांचे हाल तिने जवळून पाहिले. पुस्तक 1877 साली निघाले आणि 1878 साली ती वारली. तिने ठरवले असते तर 'घोड्यांना मारू नका' असे चार लेख लिहिता आले असते. त्याऐवजी तिने घोड्यालाच 'मी' म्हणायला लावले. इंग्रजीत याला फर्स्ट पर्सन म्हणतात, आणि कुणाच्या नजरेतून गोष्ट दिसते याला पॉइंट ऑफ व्ह्यू.

आता यातली मेख बघा. एक दारू प्यालेला मोतद्दार रात्री या घोड्याला खडीवरून भरधाव पळवतो. नाल ढिली झालेली असते, ती निघते, खूर फुटतो, घोडा गुडघ्यांवर पडतो. मोतद्दार मरतो. चौकशीत घोड्याचा दोष नाही असे ठरते, पण गुडघ्यांवरचे वण राहतात ते राहतातच. पुढे बाजारात गिऱ्हाइके येतात, गुडघे बघतात आणि पुढे सरकतात. विकणारा शपथेवर सांगतो, तबेल्यात जरासा घसरला होता एवढंच. गिऱ्हाइकाला फक्त वण दिसतात. विकणारा खोटे बोलतो. खरे माहीत आहे घोड्याला, आणि त्याला तिथे बोलता येत नाही. पण वाचणाऱ्याला तो सगळे सांगून बसला आहे, म्हणून आपला जीव तुटतो. 'लेखिकेने फर्स्ट पर्सन का वापरला?' या प्रश्नाचे उत्तर हेच. गाईडात 'गोष्ट परिणामकारक व्हावी म्हणून' एवढेच छापलेले असते. त्याला एखादा मार्क मिळत असेल. हा बाजाराचा प्रसंग दोन ओळींत मांडला तर तपासणारा थांबून वाचेल.

'मी' म्हणणाऱ्याला सगळेच ठाऊक नसते, हेही मुलांनी ध्यानात ठेवावे. जिंजर नावाची घोडी त्याची सोबतीण. पुढे रस्त्यावरून एक मेलेला घोडा गाडीत नेताना त्याला दिसतो. ती जिंजर असावी असे त्याला वाटते, ती सुटली म्हणून तीच असावी अशी तो इच्छाही करतो. पण नक्की सांगत नाही. त्याला जेवढे दिसले तेवढेच तो सांगणार. बाहेरून सांगणारा, म्हणजे थर्ड पर्सन, असता तर नाव घेऊन मोकळा झाला असता.

कवितेतही हाच घोटाळा. 'कवितेत बोलणारा कोण?' म्हटले की मुले कवीचे नाव ठोकतात. आपल्याला हे नवे नाही खरे तर. एकनाथ महाराज भारुडात सासुरवाशीण होऊन बोलतात, विंचू चावलेला माणूस होऊन ओरडतात. म्हणून नाथांना विंचू चावला असे कोणी समजत नाही. तुकोबा अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' म्हणून स्वतःचेच नाव परक्यासारखे घेतात. ज्या पोराने सप्ताहात भारूड ऐकले आहे, त्याला हा प्रश्न अवघड जायला नको.

व्याकरणाकडे येतो. इनडायरेक्ट स्पीचमध्ये आपली मुले हटकून चुकतात, आणि त्याला कारण आपली मराठी. एका फडावर आमच्या चिटबॉयने सभासदाला निरोप दिला, "मुकादम म्हणाला की मी उद्या येतो." सभासदाला वाटले, उद्या चिटबॉय येणार, नुसता बघायला. त्यांनी रात्री उसाला पाणी सोडले. सकाळी मुकादम टोळी आणि गाड्या घेऊन हजर! गाड्या चिखलात रुतल्या, टोळी दुसऱ्या फडाला गेली, तोडीची पाळी आठ दिवस मागे. निरोप खराच होता, पण 'मी' कोणाचा ते कळले नाही.

इंग्रजीत ही गफलत होत नाही. मुकादमाचे शब्द, "आय विल कम टुमारो." ते दुसऱ्याने सांगताना, "ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे." आयचा ही झाला, कारण आता बोलणारा मुकादम नाही. विलचे वुड झाले, टुमारोचे नेक्स्ट डे, कारण निरोप सांगेपर्यंत वेळ पुढे सरकली. नियमांचा तक्ता घोकण्यापेक्षा आता कोण बोलतोय, केव्हा बोलतोय, हे विचारले की बरेचसे बदल आपोआप सुचतात.

व्हॉइसचे थोडक्यात. 'कारकुनाने ऊस मोजला' हा मराठीत कर्मणी प्रयोग, म्हणून मुले इंग्रजीत पॅसिव्ह करतात. तसे नाही. 'द क्लार्क वेड द केन' हा ॲक्टिव्हच. 'द केन वॉज वेड बाय द क्लार्क' हा पॅसिव्ह. त्यातले शेवटचे तीन शब्द गाळले तर मोजणारा दिसेनासा होतो. पंचनाम्यात 'ऊस जाळला गेला' लिहिले की जाळणारा सुटतो, तशातलाच प्रकार.

त्या मुलीला मी एक काम सांगितले होते. आपल्या बैलाचे आत्मकथन लिही, आधी मराठीत, मग जमेल तसे इंग्रजीत. पहिल्या खेपेला तिने लिहिले, 'माझ्या गाडीत दोन टन ऊस होता.' मी विचारले, बैलाला टन कसे कळले? तो काट्यावर गेला, पण पावती त्याने वाचली का? तिने वाक्य खोडले. दुसऱ्या दिवशी नवे आणले. काट्याच्या अलीकडच्या चढाला जू खांद्यात रुतले, मागून चाबूक आला, आणि मालक शिव्या कुणाला देत होता ते मला कळले नाही, असे काहीसे.

वडिलांनी ते माझ्या हातून घेऊन वाचले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, उद्या मोळ्या थोड्या कमीच भरतो."