फुकटची शाळा, मोलाचं शिक्षण

शाळेला फी नाही. पुस्तकांना पैसे नाहीत. प्रवेशासाठी कुणाच्या हातापाया पडायचं नाही. मूल दारात उभं राहिलं की त्याला आत घ्यायचं! अमेरिकेत अशा शाळा आहेत, हे रशियातल्या एका ज्यू कुटुंबाला घरच्या कर्त्या पुरुषाच्या पत्रांतून कळत होतं. आधी एकटेच बोस्टनला गेलेले हे गृहस्थ पुन्हा पुन्हा तेच लिहीत. त्यांच्या मुलीचं नाव मेरी अँटिन. पुढे तिनं या शाळेची कहाणी साऱ्या अमेरिकेला सांगितली.

शंभरात दहा

मेरीचा जन्म १८८१चा. तिचं गाव पोलोत्स्क आज बेलारूसमध्ये आहे. तेव्हा तिथे रशियाच्या झारची सत्ता होती. ज्यूंनी साम्राज्याच्या पश्चिमेकडच्या ठरावीक पट्ट्यातच राहायचं, असा कायदा होता. १८८७मध्ये शिक्षणावरही बंधन आलं. सरकारी माध्यमिक शाळांत या पट्ट्यात शंभरात दहा, पट्ट्याबाहेर पाच आणि सेंट पीटर्सबर्ग व मॉस्कोत अवघ्या तीन जागा ज्यू मुलांना मिळायच्या. ज्या गावांत निम्मी वस्ती ज्यूंची, तिथेही दहाच!

मुलींची गत त्याहून वाईट. मुलगे धर्मशाळेत जाऊन हिब्रू शिकत. मुलीला प्रार्थना वाचता आली, घरकाम आलं की झालं, अशी समजूत होती. मेरीचे वडील मात्र नव्या विचारांचे होते. हातात पैसा होता तोवर त्यांनी मुलींना घरी शिक्षक ठेवून शिकवलं. पण आजारपणं आली, दुकान गेलं आणि शिकवणीही सुटली. अखेर १८९१मध्ये वडिलांनी अमेरिकेची वाट धरली.

तीन वर्षांनी, १८९४मध्ये, आई चार मुलांना घेऊन निघाली. सरहद्दीवर पटकीच्या भीतीनं माणसांवर नि सामानावर जंतुनाशकाचे फवारे मारले जात. हॅम्बुर्गला सगळ्यांना विलग ठेवलं गेलं. त्यानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ बोटीचा प्रवास करून मे महिन्यात ही मंडळी बोस्टनला पोचली.

दोघी बहिणी, दोन वाटा

सप्टेंबर उजाडला. वडील स्वतः मुलांना घेऊन शाळेत निघाले. मेरी, तिचा भाऊ आणि धाकटी बहीण. थोरली फ्रीडा मात्र त्यांच्यात नव्हती. ती मेरीपेक्षा फारशी मोठी नव्हती. पण तिला शिवणकाम येत होतं आणि घराला पैशांची गरज होती. त्याच सकाळी ती कारखान्याच्या वाटेला लागली.

वडिलांनी आणखी एक गोष्ट केली. शाळेत मेरीचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं. तेरा वर्षांची मुलगी लवकरच कामाला जुंपावी लागली असती. वय कमी लागलं तर दोन वर्षं जास्त शिकता येणार होतं. खोटं बोलणं चूकच. पण त्या बापाला दुसरा मार्ग दिसला नाही.

मेरीला इंग्रजीचे मोजकेच शब्द येत होते. चिमुरड्यांच्या वर्गात, त्यांच्याच बाकांवर तिला बसावं लागलं. काही इंग्रजी उच्चार तिच्या जिभेला वळतच नसत. शिक्षिका न कंटाळता तिच्याकडून ते घोटून घेत. मग मात्र ती भराभर वरच्या वर्गांत चढली. अवघ्या चार महिन्यांच्या अभ्यासावर तिनं बर्फावर एक निबंध लिहिला. तिच्या शिक्षिका मिस डिलिंगहॅम यांनी तो शिक्षकांच्या मासिकाकडे पाठवला. तो छापून आला, तोही चुका दुरुस्त न करता! पुढे जॉर्ज वॉशिंग्टनवरची आपली कविता घेऊन ही मुलगी स्वतः वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत गेली. ती कविता 'बोस्टन हेरल्ड'मध्ये छापली गेली.

घरी दारिद्र्य होतंच. वडिलांची दुकानं एकामागून एक बुडाली. भाड्याची जागा शोधत कुटुंब बोस्टनच्या गरीब वस्तीत आलं. पण याच शहरातल्या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या दारावर 'सर्वांसाठी मोफत' अशी अक्षरं कोरलेली होती. गल्लीतल्या गोंगाटातून उठून मेरी तिथे जाऊन बसायची.

पत्राचं पुस्तक झालं

प्रवासाची सारी हकिकत मेरीनं मायदेशातल्या मामाला यिडिश भाषेत लांबलचक पत्रातून कळवली होती. तिचं इंग्रजी रूपांतर १८९९मध्ये पुस्तकरूपानं निघालं. गंमत म्हणजे मुखपृष्ठावर गावाचं नावच चुकलं. पोलोत्स्कचं 'प्लॉत्स्क' झालं! प्रसिद्ध लेखक इस्राएल झँगविल यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. या पुस्तकानं मेरीच्या शिक्षणाला हातभार लावला. मुलींच्या नामांकित 'गर्ल्स लॅटिन स्कूल'मध्ये ती शिकू लागली. तिथून रॅडक्लिफ या महिला महाविद्यालयात जायचं तिचं स्वप्न होतं.

पण १९०१मध्ये तिचं भूगर्भशास्त्रज्ञ अमाडेउस ग्राबाउ यांच्याशी लग्न झालं आणि ती न्यूयॉर्कला गेली. तिथे कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात आणि बर्नार्ड कॉलेजात ती शिकली. पदवी मात्र हाती आली नाही. १९१२मध्ये तिचं आत्मचरित्र 'द प्रॉमिस्ड लँड' प्रसिद्ध झालं आणि ती देशभर गाजली. तिच्या हयातीतच त्याच्या ऐंशी हजारांहून अधिक प्रती खपल्या. शाळांमधूनही ते वाचलं जाऊ लागलं.

पुढचे दिवस सुखाचे नव्हते. पहिल्या महायुद्धात पती जर्मनीच्या बाजूचे, तर मेरी दोस्त राष्ट्रांच्या. संसार मोडला. १९२०मध्ये ग्राबाउ चीनला गेले. मेरीची प्रकृती ढासळली. बाहेरून येणाऱ्यांना दार बंद करू नका, असं तिनं १९१४मध्येच एका पुस्तकातून कळकळीनं सांगितलं होतं. तरी १९२४च्या कायद्यानं पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट जवळजवळ अडवलीच. १९४९मध्ये मेरीचं निधन झालं.

मेरीची कहाणी सांगताना तिची बुद्धी, तिचे शिक्षक आणि तिची शाळा यांचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण शाळा फुकट असली तरी मुलीला शाळेत ठेवणं फुकट नसतं. तिनं कमावून आणले असते, ते पैसे कुणीतरी आणावे लागतात. अँटिनांच्या घरात ते फ्रीडानं आणले. मेरी हे विसरली नाही. आपण आनंदानं शाळेकडे धावत सुटलो, त्याच सकाळी बहीण कष्टाच्या जात्याला जुंपली गेली, हे तिनं आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. घरातल्या एका मुलाच्या यशाचं कौतुक करताना आपणही जरा मागे वळून पाहावं. त्याच्यासाठी शाळा सोडलेली एखादी ताई तिथे उभी असेल.