क्लास समोर आहे, तरी रेल्सला दिसत नाही!

कोड कानाने ऐकवता येत नाही, म्हणून आज स्पेलिंग तोंडीच सांगतो. जरा लक्ष द्या.

एका शुक्रवारी रात्री मी आमचं बिलिंग ॲप रेल्स 5.2 वरून 6 वर नेलं. लॅपटॉपवर सगळं मस्त. लॉगिन झालं, डॅशबोर्ड उघडला, लीडला ‘झालं’ असा मेसेजही टाकला. सर्व्हरवर मात्र ॲप सुरूच होईना. दुकानदारांची बिलं अडकली, फोन यायला लागले. आधी रोलबॅक केलं, मग लॉग उघडला.

लॉग म्हणत होता, ‘जीएसटी अंडरस्कोर इन्व्हॉइस’ या फाइलमध्ये जो क्लास हवा, तो नाही. अरे, समोर तर दिसतोय! फरक एवढाच, की रेल्सला फक्त ‘जी’ कॅपिटल हवा होता, ‘एस’ आणि ‘टी’ स्मॉल. आमच्याकडे तिन्ही अक्षरं कॅपिटल.

आता कारण ऐका. रेल्समध्ये कुठला क्लास कुठल्या फाइलमध्ये आहे हे आपण सांगत नाही, नावावरून ते ओळखतं. जुना लोडर क्लासच्या नावावरून फाइल शोधायचा. तिन्ही कॅपिटल असले तरी फाइलचं नाव तेच निघायचं, म्हणून चालून जायचं. 2019 मध्ये रेल्स 6 सोबत झाइटवर्क नावाचा लोडर आला. तो उलटा चालतो: फाइलच्या नावावरून क्लासचं नाव ठरवतो. जीएसटी हे लघुरूप आहे, हे त्याला कुठून कळणार?

मग लॅपटॉपवर कसं चाललं? डेव्हलपमेंटमध्ये क्लास लागेल तेव्हाच लोड होतो, आणि मी बिलाचं पान उघडलंच नव्हतं. प्रॉडक्शनमध्ये ॲप सुरू होतानाच सगळे क्लास लोड होतात. तिथे चूक लपत नाही.

उपाय तीन. एक, क्लासचं नाव बदला. सगळ्यात साधं, पण जिथे जिथे वापरलंय तिथेही बदलावं लागतं. दोन, इन्फ्लेक्शन्सच्या फाइलमध्ये जीएसटी हे ॲक्रोनिम म्हणून नोंदवा. पण सांभाळून! हा नियम सगळ्या ॲपला लागतो. दुसऱ्या एखाद्या क्लासमध्ये फक्त ‘जी’ कॅपिटल असेल, तर आता तो मोडेल. तीन, ऑटोलोडरच्या इन्फ्लेक्टरला फक्त त्या एका फाइलपुरतं नाव सांगा. मी हेच केलं, कारण जुना कोड कमीत कमी हलवायचा होता.

आणि खरा धडा: ‘बिन स्लॅश रेल्स, झाइटवर्क कोलन चेक’ ही कमांड सगळ्या फाइल लोड करून नावं तपासते. ती आता आमच्या सीआयमध्ये दर पुशला चालते. तुमच्याकडे नसेल तर आजच टाका. ‘माझ्या लॅपटॉपवर चालतंय’ म्हणजे आपण उघडलं तेवढंच चालतंय.

भेटू पुढच्या भागात!