वाघाचं आकारमान कशावर ठरतं?

थंड प्रदेशातला वाघ मोठा आणि उष्ण प्रदेशातला लहान, असं आपण वर्गात सांगतो. त्यामागचं कारण कार्ल बर्गमान या जर्मन शास्त्रज्ञानं १८४७ मध्ये मांडलं. ते समजण्यासाठी फळ्यावर दोन घन काढू. १ सेंमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौ.सेंमी आणि घनफळ १ घ.सेंमी. २ सेंमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ २४ आणि घनफळ ८. म्हणजे पहिल्यात दर घ.सेंमीमागे ६ चौ.सेंमी पृष्ठभाग, दुसऱ्यात फक्त ३. शरीरातली उष्णता बाहेर जाते ती पृष्ठभागातून. त्यामुळे मोठं शरीर ऊब अधिक टिकवतं.

सुमात्रा बेटावरचा नर वाघ साधारण १०० ते १४० किलोंचा, भारतातला २०० किलोंच्या आसपास. इथपर्यंत नियम जुळतो. पण मग रशियाचा अमूर वाघ सगळ्यांत जड हवा. प्रत्यक्षात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तिथल्या नरांचं सरासरी वजन सुमारे १७६ किलोच भरलं!

आता भारताचा नकाशा पाहू. मेळघाट, कान्हा आणि सुंदरबन जवळजवळ एकाच अक्षांशाच्या पट्ट्यात येतात. भारतातल्या इतर जंगलांत वाघीण सहसा १०० ते १६० किलोंची असते. बांगलादेशच्या सुंदरबनात वजन केलेल्या तीन वाघिणी मात्र ७५ ते ८० किलोंच्याच होत्या. तीन हा आकडा लहान आहे, पण फरक मोठा आहे.

हा फरक थंडीनं पडलेला नाही, हे उघड आहे. मग कशानं? भक्ष्याकडे पाहू. मेळघाटात गवा आणि सांबर आहेत. सुंदरबनात दोन्ही नाहीत. तिथं मुख्यतः चितळ आणि रानडुक्कर. भक्ष्य लहान असेल तर अवाढव्य शरीर पोसणं महाग पडतं, लहान शरीराला कमी अन्न पुरतं. या फरकात भक्ष्याचा मोठा वाटा असावा.

म्हणजे बर्गमानचा नियम खोटा ठरला का? नाही. अनेक कारणांपैकी एक कारण तो सांगतो, इतकंच. आणि सुंदरबनातली लहान वाघीण पाहून ती खुरटलेली आहे असं समजणंही बरोबर नाही. वाघ वाचवायचा तर त्याचं चितळही वाचवायला हवं, हे मात्र तिचं वजन आपल्याला सांगतं. वर्गात नियम शिकवताना तो कुठं अडतो हेही मुलांना शोधू द्यावं.